बाजारच्या वाराची गोळी

खर्ड्याच्या पलीकडे डोंगराच्या उतरणीला तीस-चाळीस घरांची एक वस्ती आहे. तिथली मनकर्णा एकदा बोलायला लागली की समोरच्यानं गप्प बसलेलं बरं. आवाज मोठा, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. चहात साखर किती टाकावी इथपासून मुकादमानं ट्रक उसाच्या फडाच्या कोणत्या बाजूला लावावा इथपर्यंत. वैजनाथ मुकादम टोळीतल्या भल्याभल्यांना दम द्यायचा, पण मनकर्णासमोर त्याचं काही चालायचं नाही. वीस-बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई ती. दिवाळी झाली की दरवर्षी घराला कुलूप, शेळ्या भावकीत, आणि बिऱ्हाड ट्रॅक्टरवर. नवरा सहादेव अगदी शांत. बोलायचं सगळं खातं बायकोकडे दिल्यामुळे त्याचं आयुष्य सुखात चाललं होतं.

त्यांच्या मुलाचं, रामचं लग्न झालं आणि सुकन्या घरात आली. बावीस वर्षांची, अंगानं बारीक, हाताला चपळ आणि तोंडानं मुकी. म्हणजे मुकी नव्हे हो, पण सासूच बोलत असेल तर बाकीच्यांना जागा कुठून मिळणार! पहिला पार्थ झाला तो सिझर करून. तो दोन वर्षांचा होतोय तोच संस्कृती झाली, तीही सिझर करूनच. तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मनकर्णाला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘मावशी, आता दोन वर्षं तरी हिला दिवस जाता कामा नयेत. पोटाचे टाके कच्चे आहेत, रक्तही फार कमी आहे. काही झालं तर बाई हातची जाईल.’’

मनकर्णानं ते ऐकलं आणि मनाशी गाठ मारली. बाई हातची जाईल म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फडावर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ऑपरेशन करावं तर रक्त कमी, म्हणून डॉक्टरीण नको म्हणाली. तांबी बसवायचं नाव काढलं की सुकन्याच्या डोळ्यांत पाणी. मग गावची आशाताई, रेश्मा, घरी आली आणि तिनं आठवड्याच्या गोळीचं सांगितलं. ही गोळी रोज घ्यायची नसते, अंगावर पिणारं लेकरू असलं तरी चालते, आणि सरकारी पाकीट फुकट मिळतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, मग पुढं आठवड्याला एक.

‘‘मंगळवार आणि शुक्रवार,’’ रेश्मा म्हणाली. ‘‘तीन महिने झाले की फक्त मंगळवार. लक्षात राहील ना?’’

‘‘ऱ्हाईल की! मंगळवार म्हंजी आपला बाजार. बाजार इसरलाय व्हय आजवर कुनी?’’ मनकर्णा म्हणाली. रेश्मा हसली. तिलाही ते पटलं. मंगळवारी शेजारच्या गावचा बाजार भरतो हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. 

श्रावणात गोळ्या सुरू झाल्या. पाकीट राहायचं मनकर्णाकडे, तिच्या कमरेच्या चंचीत, सुपारी आणि कात यांच्या सोबतीला. घरात लेकरं, उंदीर, येणारे-जाणारे, आणि सुकन्या तर अजून पोरच, ती काय सांभाळणार, असा तिचा हिशेब. बाजाराच्या दिवशी सकाळी चहा झाला की ती हाक मारायची, ‘‘सुकन्या, ये गं हिकडं.’’ सुकन्या यायची, हात पुढं करायची, गोळी घ्यायची, पाणी प्यायची आणि कामाला लागायची. रामला सगळं ठाऊक होतं. पण असल्या गोष्टी ठाऊक नसल्यासारखं वागायचं, ही पुरुषमाणसांची रीत. त्या वेळी तो नेमका शेळ्यांकडे जायचा.

दिवाळी झाली. तोवर तीन महिने भरले होते आणि आता आठवड्याला एकच गोळी. टोळी निघायच्या आदल्या दिवशी रेश्मानं दोन पाकिटं आणून दिली. एका पाकिटात आठ गोळ्या.

‘‘ताई, सा म्हयनं जायचंय. एवढ्यात कसं भागंल?’’

‘‘माझ्याकडं एवढाच साठा आला मावशी. बाकीच्या बायकांनापण द्यायचंय. संपल्या की तिथल्या आशाकडं मागा, नाहीतर मेडिकलात मिळतात. चिठ्ठी लागत नाही. पण खंड पडू देऊ नका हां.’’

‘‘खंड कशाला पडंल? मी हाय की!’’

हे वाक्य मनकर्णा ज्या ठसक्यात म्हणाली, तो ठसका पुढं तिलाच महागात पडणार होता.

टोळी उतरली गोदावरीच्या अंगाला, पुणतांब्याच्या आसपास. काळी जमीन, पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. तळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, पहाटे चारला चुली पेटायला लागल्या. राम ऊस तोडायचा, सुकन्या त्याचं पाचट साळायची आणि मोळ्या बांधायची. पार्थ बांधावर, संस्कृती झोळीत. मनकर्णा नवऱ्याबरोबर तोडायची, पण अर्धं लक्ष झोळीकडे.

फडावर वार नसतो. रविवार नाही, सुट्टी नाही. कारखान्याचा ट्रक आला की तो दिवस, आणि ट्रक भरून गेला की दिवस संपला. आठवडा म्हणून काही असलाच तर तो बाजारानं कळतो. बाजाराच्या दिवशी बायका दुपारनंतर पिशव्या घेऊन गावात जातात, मिरच्या, तेल, लेकरांना भेळ घेऊन येतात. त्या तळाजवळच्या गावचा बाजार सोमवारी होता. मनकर्णानं गोळी दिली सोमवारी. बाजार म्हणजे गोळी, गोळी म्हणजे बाजार. सात-आठ बाजार असे नीट पार पडले. पहिलं पाकीट संपलं, दुसरं सुरू झालं.

दुसरं पाकीट निम्म्यावर आलं तशी तिला पुढची काळजी लागली. बाजारात गेली तेव्हा ती गावातल्या मेडिकलात शिरली. काउंटरवर पन्नाशीचा माणूस, आणि समोर तीन-चार बाप्ये उभे. मनकर्णानं पदर सारखा केला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात सांगितलं. दुकानदार मात्र हळू बोलायला जन्माला आलेला नव्हता.

‘‘काय? पोरं न होण्याच्या गोळ्या? कुणाला, तुम्हाला?’’

बाप्ये हसले. मनकर्णाच्या कानापर्यंत रक्त चढलं.

‘‘सुनंला.’’

‘‘मग सुनेला घेऊन या. आणि डॉक्टरची चिठ्ठी आणा. असं आम्ही देत नसतो.’’

रेश्मा तर चिठ्ठी लागत नाही म्हणाली होती. पण चार बाप्यांपुढं भांडायचं कसं, आणि तेही असल्या गोष्टीवरून? ऊसतोडीच्या बायांच्या तंट्यात मुकादमाला गप्प करणारी बाई तिथून मुकाट निघाली. दुसऱ्या दिवशी फडावर खाडा टाकून उपकेंद्रावर गेली. तिथली नर्स वाईट नव्हती, पण तिनं वही पाहिली आणि मान हलवली. ‘‘तुमच्या सुनेचं नाव आमच्या यादीत नाही, मावशी. तुमच्या गावच्या आशाकडून घ्या.’’

‘‘गाव म्हंजी काय वळणावर हाय व्हय बाई?’’ मनकर्णा म्हणाली आणि चालत तळावर आली. अजून चार गोळ्या चंचीत होत्या म्हणून तिनं तेवढ्यावर सोडून दिलं.

संक्रांतीनंतर फड संपला आणि तळ हलला. नव्या गावात टोळी पोचली शुक्रवारी. कोप्या बांधता बांधता तिनं विहिरीवरच्या बाईला विचारलं, ‘‘बाजार कवा असतो हितं?’’

‘‘कालच झाला की. आता पुढच्या गुरुवारी.’’

‘‘मग पुढच्या बाजारी,’’ मनकर्णा स्वतःशी म्हणाली आणि मेढी रोवायला लागली. त्या पुढच्या गुरुवारी तिनं आठवणीनं गोळी दिली. त्याच्या नंतरच्या गुरुवारी ट्रकावर ट्रक लागले. सकाळपासून अंधार पडेपर्यंत मोळ्या वाहून पाय गळाले, बाजाराला कुणी गेलंच नाही. बाजार झाला नाही, म्हणून गोळीची आठवण झाली नाही. आठवडा लोटला हेच तिच्या ध्यानात आलं नाही. ती पुढच्या बाजाराला गेली, तेव्हा चंचीतली गोळी दिली. त्याच्या पुढच्या दोन बाजारांत उरलेल्या दोन गोळ्या दिल्या, आणि पाकीट संपलं.

तेव्हा मात्र जिवाचा हिय्या करून ती या नव्या गावातल्या मेडिकलात गेली. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या विकून आलेले पैसे पदराला बांधलेले. नशीब बघा, काउंटरवर बाई होती! पंचविशीची, केस वर बांधलेले, नाव स्नेहल. दुकान तिच्या भावाचं, पण शिकलेली ही. मनकर्णानं सांगितलं तसं तिनं काही न बोलता कपाटातून पाकीट काढलं.

‘‘चिठ्ठी न्हाई आमच्याकडं.’’

‘‘नको. कुणासाठी आहे?’’

‘‘सुनंसाठी. सिझर झालंय. श्रावणापासनं चालू हाय.’’

‘‘बरं. कोणत्या वारी घेतात त्या?’’

‘‘बाजारच्या वारी.’’

‘‘म्हणजे गुरुवारी.’’

‘‘हितं गुरवारी,’’ मनकर्णा सहज म्हणाली. ‘‘मागल्या तळाला सोमवारी देत हुते. गावाकडं मंगळवारी.’’

स्नेहलचा हात पाकिटावरच थांबला. तिनं मागून कॅलेंडर ओढलं आणि काउंटरवर पसरलं. ‘‘मावशी, मला नीट सांगा. शेवटची सोमवारची गोळी दिल्यावर गुरुवारची कधी दिली?’’

मनकर्णानं बोटांवर मोजत मोजत सांगितलं. स्नेहलनं तारखांवर पेनानं खुणा केल्या. एका ठिकाणी सातऐवजी दहा दिवस. आणि बाजार चुकला त्या ठिकाणी चौदा.

‘‘मावशी, या गोळीला बाजार कळत नाही. तिला सात दिवस कळतात. तळ कुठंही हलू दे, मंगळवार म्हणजे मंगळवारच.’’

 मनकर्णा कॅलेंडरवरच्या निळ्या खुणांकडे बघत राहिली. आपण गोळी दिली, एकही गोळी वाया घालवली नाही, आणि तरीही चुकलो. आणि चुकलो ते कुणाच्या जिवावर, तर त्या पोरीच्या!

‘‘त्यांची पाळी आली का?’’ स्नेहलनं विचारलं.

मनकर्णाला ते माहीत नव्हतं. सुनेच्या घासापासून झोपेपर्यंत सगळं माहीत असलेल्या बाईला एवढंच माहीत नव्हतं. गोळी आपण देतोय म्हटल्यावर विचारायचं राहिलं ते राहिलंच.

‘‘घाबरू नका,’’ स्नेहल म्हणाली. ‘‘या गोळीनं पाळी पुढंमागं होते कधी कधी. पण आधी ही पट्टी न्या आणि तपासा. सकाळच्या पहिल्या लघवीवर. दोन रेघा आल्या तर लगेच दवाखान्यात. एकच आली तर आठ दिवसांनी पुन्हा एकदा तपासा. तोवर नवऱ्याला हे वापरायला सांगा.’’ तिनं दुसरं एक पाकीट कागदात गुंडाळून दिलं. ‘‘तेव्हाही एकच रेघ आली तर गोळ्या पहिल्यापासून सुरू, तीन महिने आठवड्याला दोन. आणि दवाखान्यात एकदा दाखवा, म्हणजे मनात काही राहणार नाही.’’ वाढ्याचे सगळे पैसे त्यात गेले. त्याचं मनकर्णाला काहीच वाटलं नाही.

तळाकडे येताना तिला स्वतःचीच आठवण झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली होती. अंगावरून जात होतं, खाडे पडत होते. डॉक्टर म्हणाला, काढून टाका, नाहीतर पुढं वाईट होईल. सासू म्हणाली काढा, तेव्हाचा मुकादम म्हणाला काढा, सहादेवनं मान हलवली. सगळे खाटेभोवती उभे राहून एकमेकांशी बोलत होते. तेव्हापासून कंबर कामातून गेली, ऐन थंडीत अंगातून आगीच्या लाटा निघतात. आपल्या सुनेवर ही वेळ येऊ द्यायची नाही, म्हणूनच ती गोळ्यांचं पाकीट कमरेला बांधून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमाराला, बायका परसाकडे निघतात तेव्हा, मनकर्णानं सुकन्याला तोडलेल्या फडाच्या कडेला नेलं. हातात पट्टी आणि एक रिकामी वाटी.

‘‘सुकन्या, माझ्याकडनं चूक झालीया,’’ ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून टोळीतल्या कुणीच कधी ऐकले नव्हते. मग तिनं सगळं सांगितलं. बाजार, गुरुवार, सोमवार, दहा दिवस, चौदा दिवस, मेडिकलातली पोरगी. ‘‘तुला पाळी आली का गं?’’

‘‘न्हाई,’’ सुकन्या म्हणाली. ‘‘पंधरा दिस वर झालं.’’

मनकर्णानं हातातलं तिच्यापुढं धरलं. सुकन्या पट्टी आणि वाटी घेऊन उसाच्या आड गेली. मनकर्णा तिथं बसून डोंगरातल्या देवीला, खालच्या नदीला, जे आठवेल त्याला हात जोडत राहिली. असा वेळ जन्मात कधी लांबला नव्हता.

सुकन्या आली. दोघींनी उजेडाकडे धरून पट्टी पाहिली. एक रेघ. थांबून परत पाहिली. एकच.

‘‘एकच हाय! एकच हाय गं बये!’’ मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. ‘‘देवा रं देवा! सुटलो गं पोरी!’’

सुकन्या हसली नाही आणि रडलीही नाही. पट्टी तिनं पाचटाखाली सारली.

‘‘आत्या, मला ठाऊक हुतं वार चुकत्यात ते.’’

‘‘काय?’’

‘‘मोबाईलात वार दिसतो की. पयल्या सोमवारीच मी म्हणले, आत्या, मंगळवार उद्या हाय. तुमी म्हणला, बाजार आज हाय, गीळ गुमान. ते चौदा दिस गेलं तवा मी रोज मोजीत हुते. लई भ्या वाटायचं. पट्टी तुमी आणली आज. मी तर पंधरा दिस नुस्ती मोजतीया.’’

‘‘अगं मग बोलली का न्हाईस?’’ मनकर्णाचा आवाज चढला. ‘‘जीवावर आलं असतं की तुझ्या!’’

‘‘कुनाला बोलू? गोळी तुमच्याकडं, वार तुमच्याकडं. मी नुसतं तोंड उघडायचं.’’ सुकन्याचा आवाज बारीकच होता, पण थांबत नव्हता. ‘‘डॉक्टरीण तुमच्याशी बोलली, आशाताई तुमच्याशी बोलली. मेडिकलात तुमी गेल्या. ह्यो सगळा कारभार माझ्या पोटाचा, आन् मला कुनी एकदा तरी इचारलं का, तुला ही गोळी पायजे का न्हाई?’’

 मनकर्णाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पोरी, तुझ्या भल्यासाठीच केलं की. पण ते शब्द तिच्या ओळखीचे निघाले. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या खाटेवर पडून तिनं नेमके हेच ऐकले होते, सासूच्या तोंडून, मुकादमाच्या तोंडून. तेव्हा ती खाटेवर होती. आज खाटेवर सुकन्या होती, आणि भोवती उभ्या असलेल्यांत सगळ्यांत पुढं ती स्वतः.

तिनं ते शब्द गिळले. आयुष्यात पहिल्यांदाच गिळले असतील.

‘‘बरं, इचारते,’’ ती म्हणाली. कसनुसं वाटत होतं, पण तिनं विचारलं. ‘‘सुकन्या, तुला पायजे का ही गोळी?’’

सुकन्यानं सासूकडे बघितलं, मग फडाकडे. तळावर चुली पेटल्या होत्या, संस्कृती रडत असल्याचं ऐकू येत होतं.

‘‘इच्यार करून सांगते,’’ ती म्हणाली आणि लेकराकडे चालू लागली.

तो दिवस मनकर्णानं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. शंभरदा तोंडाशी आलं, अगं बये, ह्यात इचार कसला! शंभरदा दात दाबून ती मोळी बांधत राहिली. सहादेवनं दोनदा विचारलं, ‘‘बरं न्हाई का गं तुला? गप हाईस लई.’’ तिनं पुढची मोळी आवळली.

संध्याकाळी ट्रक भरून गेला. भाकरी थापता थापता सुकन्या उठली आणि सासूच्या कोपीच्या तोंडाशी आली. पिठाचा हात तिनं पदराला पुसला आणि पुढं केला.

‘‘पायजे,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वरसं. म्होरचं म्होरं बघू. ह्यांना मी सांगितलंय. आता पाकीट माझ्याकडं द्या.’’